अल्पसंयुजी सिलिकॉन व कथिल संयुगांची विक्रियाशीलता : 'संक्रमणी धातूंसारखी' या विशेषणाची चिकित्सा

सारांश

चौदाव्या गटातील सिलिकॉन व कथिल यांची +२ व +१ या ऑक्सिडीभवन अंकांतील संयुगे गेल्या पाच दशकांत मोठ्या संख्येने तयार करण्यात आली. त्यांपैकी काही संयुगे हायड्रोजन, अमोनिया, एथिलीन यांसारख्या लहान रेणूंशी साध्या तापमानालाही विक्रिया करतात. त्यामुळे ती 'संक्रमणी धातूंसारखी' आहेत, असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखात या विधानाची चिकित्सा केली आहे. संक्रमणी धातूचे वैशिष्ट्य रेणूला नुसते पकडण्यात नसून त्याला पकडून, बदलून पुन्हा सोडून देण्यात आहे. या कसोटीवर सिलिकॉन व कथिल यांच्या उणिवा परस्परविरुद्ध आहेत, असे लेखकाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : सिलिलीन, स्टॅनिलीन, निष्क्रिय युग्म परिणाम, ऑक्सिडीभवनी समावेशन, क्षपणी विलोपन, उत्प्रेरण.

१. प्रस्तावना

आवर्त सारणीच्या चौदाव्या गटातील मूलद्रव्यांच्या बाह्यतम कवचात चार इलेक्ट्रॉन असतात. त्यामुळे चार बंध तयार करणे ही या गटाची स्वाभाविक प्रवृत्ती मानली जाते. पोलादपूर तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेल्या कुडपणचा काळा कातळ हे या प्रवृत्तीचे आपल्या परिसरातील सहज दिसणारे उदाहरण होय. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून निर्माण झालेल्या या बेसाल्टमध्ये वजनाने जवळजवळ निम्मा भाग सिलिका असते आणि त्यातील सिलिकॉनचा प्रत्येक अणू चार ऑक्सिजन अणूंनी वेढलेला असतो. +२ अंकाचे सिलिकॉन या कातळात शोधूनही मिळणार नाही.

कथिलाची स्थिती निराळी आहे. +२ व +४ हे दोन्ही अंक त्याला मानवतात. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील स्टॅनस क्लोराइडची बाटली म्हणजे अल्पसंयुजी कथिलच होय. एकाच गटातील या दोन मूलद्रव्यांमध्ये इतके अंतर का पडते आणि त्या अंतराचा त्यांच्या विक्रियाशीलतेशी कोणता संबंध आहे, हा प्रश्न पदवी स्तरावर 'निष्क्रिय युग्म परिणाम' या तीन शब्दांत संपवला जातो. दुसरीकडे, संशोधनपर लेखनात हीच संयुगे संक्रमणी धातूंची जागा घेऊ पाहणारी म्हणून वर्णिली जातात. एकीकडे 'निष्क्रिय' आणि दुसरीकडे 'धातूंसारखी सक्रिय' अशी ही दोन वर्णने एकमेकांशी जुळत नाहीत. या विसंगतीचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. परिभाषेतील दोन अडचणी

पहिली अडचण 'निष्क्रिय युग्म' या संज्ञेची. ही संज्ञा नेव्हिल सिजविक यांनी १९२७ मध्ये रूढ केली. गटात वरून खाली जाताना बाह्यतम कवचातील एस-कक्षकातील दोन इलेक्ट्रॉन बंधात भाग घेण्यास अधिकाधिक नाखूश होतात, असा तिचा आशय आहे. तथापि रसेल ड्रॅगो यांनी १९५८ मध्ये ऊष्मागतिकीय आकडेवारीच्या आधारे दाखवून दिले की, या परिणामाचे मूळ केवळ त्या दोन इलेक्ट्रॉनांच्या स्वभावात शोधून चालणार नाही. खालच्या मूलद्रव्यांचे बंध दुर्बळ असतात. त्यामुळे दोन जादा बंध तयार होऊन जी ऊर्जा मिळते, ती त्या दोन इलेक्ट्रॉनांना बंधात उतरवण्याचा खर्च भरून काढण्यास अपुरी पडते. म्हणजेच हा प्रश्न निष्क्रियतेचा नसून जमाखर्चाचा आहे. 'निष्क्रिय' या शब्दाने विद्यार्थ्याची जी समजूत होते, ती हा जमाखर्च झाकून टाकते.

दुसरी अडचण 'अल्पसंयुजी' या शब्दाचीच आहे. दोन सिलिकॉन अणूंमध्ये दुहेरी बंध असलेल्या डायसिलीनमध्ये प्रत्येक सिलिकॉन अणू चार बंधांत गुंतलेला असतो, म्हणजे त्याची संयुजा चारच असते. कमी असतो तो ऑक्सिडीभवन अंक. कारण एकाच मूलद्रव्याच्या दोन अणूंमधील बंध तो अंक ठरवताना मोजला जात नाही. तेव्हा या क्षेत्रात 'अल्पसंयुजी' म्हणताना बहुतेक वेळा 'अल्प ऑक्सिडीभवन अंकाचे' असे अभिप्रेत असते. रूढी म्हणून प्रस्तुत लेखात तोच शब्द ठेवला असला, तरी अध्यापनात हा भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे.

३. संयुगांची जडणघडण

दुसऱ्या आवर्तानंतरची मूलद्रव्ये आपापसांत बहुबंध करीत नाहीत, असा नियम दीर्घकाळ शिकवला जात असे. त्याला पहिला मोठा धक्का कथिलाने दिला. डेव्हिडसन व मायकेल लॅपर्ट यांनी १९७३ मध्ये दोन अवजड अल्किल गट असलेले +२ कथिलाचे संयुग तयार केले. द्रावणात ते सुटे असते, पण घनरूपात त्याचे दोन रेणू एकत्र येतात, हे १९७६ मध्ये स्पष्ट झाले. मात्र या जोडीतील कथिल-कथिल अंतर सुमारे २.७६ अँगस्ट्रॉम, म्हणजे एकेरी बंधापेक्षा किंचितच कमी भरले. शिवाय रेणू सपाट नसून दोन्ही टोकांना विरुद्ध दिशांनी वाकलेला होता. हा कार्बनच्या दुहेरी बंधाचा प्रकार नव्हे, हे तेव्हाच दिसून आले होते.

सिलिकॉनच्या बाबतीत रॉबर्ट वेस्ट, फिंक व मिक्ल यांनी १९८१ मध्ये पहिले स्थिर डायसिलीन सादर केले. पीटर युत्झी यांच्या गटाने १९८६ मध्ये सिलिकोसीन हे +२ सिलिकॉनचे सामान्य तापमानाला टिकणारे संयुग तयार केले. १९९४ मध्ये नायट्रोजनयुक्त वलयातील स्थिर सिलिलीन मिळाले. पुढे २००४ मध्ये जपानमधील त्सुकुबा विद्यापीठात अकिरा सेकिगुची यांच्या गटाने सिलिकॉन-सिलिकॉन तिहेरी बंधाचे संयुग मिळवले. त्यातील अंतर सुमारे २.०६ अँगस्ट्रॉम आहे. एकेरी बंधात ते सुमारे २.३५ अँगस्ट्रॉम असते. कथिलाचे या प्रकारचे संयुग, डिस्टॅनाइन, फिलिप पॉवर यांच्या गटाने २००२ मध्येच तयार केले होते.

या सर्व संयुगांत एक युक्ती समान आहे. अल्पसंयुजी अणूभोवती अवजड कार्बनी गटांचे कुंपण घातले जाते, जेणेकरून असे दोन-चार रेणू एकत्र येऊन नष्ट होणार नाहीत. हे कुंपण काढले की संयुग टिकत नाही. म्हणून या संयुगांच्या विक्रियाशीलतेविषयी बोलताना आपण मूलद्रव्याइतकेच त्या कुंपणाविषयीही बोलत असतो, याचे भान ठेवणे इष्ट ठरते.

४. पकडणे आणि सोडणे

सिलिलीन किंवा स्टॅनिलीनमधील मध्यवर्ती अणूवर इलेक्ट्रॉनांची एक एकाकी जोडी आणि एक रिक्त पी-कक्षक असते. हायड्रोजनचा रेणू जवळ आला म्हणजे त्याच्या बंधातील इलेक्ट्रॉन रिक्त कक्षकाकडे ओढले जातात आणि एकाकी जोडी हायड्रोजनच्या प्रतिबंधी कक्षकात शिरते. दोन्ही बाजूंनी ताण पडून बंध तुटतो. संक्रमणी धातूंमध्ये हेच काम भरलेली व रिक्त डी-कक्षके करतात. पॉवर यांनी २०१० मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलेल्या बहुचर्चित आढाव्यात मुख्य गटातील मूलद्रव्यांना संक्रमणी धातूंच्या पंक्तीत बसवले, ते ऊर्जेने जवळजवळ असलेल्या भरलेल्या व रिक्त कक्षकांच्या या साम्यामुळे. २००५ मध्ये त्यांच्याच गटाने जर्मेनियमच्या संयुगाची हायड्रोजनशी साध्या तापमानाला व दाबाला विक्रिया घडवून आणली होती. २००८ मध्ये डिस्टॅनाइनच्या बाबतीतही तेच घडले. हर्बर्ट रोस्की यांच्या गटाने २००९ मध्ये सिलिलीनवर अमोनियाचे समावेशन दाखवले. २०१२ मध्ये ऑल्ड्रिज यांच्या गटाच्या वलयरहित सिलिलीनने हायड्रोजनलाही पकडले.

येथपर्यंत साम्य निर्विवाद आहे. परंतु बंध-ऊर्जांची ढोबळ बेरीज-वजाबाकी केली तर पुढील अडचण लगेच दिसते. हायड्रोजनचा बंध तोडण्यास प्रतिमोल सुमारे ४३६ किलोज्यूल लागतात. सिलिकॉन-हायड्रोजनचे दोन बंध तयार झाल्यास सरासरीने सुमारे ६३६ किलोज्यूल मिळतात, तर कथिल-हायड्रोजनच्या दोन बंधांतून सुमारे ५०२ किलोज्यूल. हे आकडे सरासरीचे असल्याने त्यांवरून दिशा कळते, अचूक मूल्य नव्हे. पण दिशा पुरेशी स्पष्ट आहे. सिलिकॉनला हायड्रोजन पकडण्यात भरघोस लाभ असून तो सोडण्याचे त्याला काही कारण उरत नाही. कथिलाचा लाभ तुटपुंजा असल्यामुळे ते सहज सोडते, पण मुळात पकडण्यासाठी त्याला विशेष रचनेचे साहाय्य लागते.

प्रयोगांची साक्षही बव्हंशी हेच सांगते. २००८ मध्ये स्टॅनिलीनची हायड्रोजनशी विक्रिया घडवली असता +४ कथिलाचे डायहायड्राइड हाती आले नाही. एक अरील गट हायड्रोजन घेऊन निघून गेला आणि कथिल +२ या अंकावरच राहिले. २००९ मध्ये डिस्टॅनाइनने एथिलीनचे दोन रेणू जोडून घेतले व साध्या परिस्थितीतच परत सोडले. २०१८ मध्ये डिस्टॅनाइन व हायड्रोजन यांची विक्रियाही प्रतिवर्ती असल्याचे दिसून आले. सोडण्याचे असे उदाहरण सिलिकॉनच्या बाबतीत अगदीच नाही असे नव्हे. गंधकयुक्त लिगँड असलेल्या सिलिलीनने एथिलीन परत सोडल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण तेथे सिलिकॉनच्या प्रवृत्तीला लिगँडने आवर घातला आहे. या अपवादावरून सिलिकॉन हेच सहज सोडणारे मूलद्रव्य आहे, असा सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही.

५. उत्प्रेरणाची कसोटी

संक्रमणी धातूंचे औद्योगिक मोल ठरते ते चक्रामुळे. ऑक्सिडीभवनी समावेशनाने रेणू पकडला जातो, धातूवरच त्याची नवी जोडणी होते, क्षपणी विलोपनाने तो सुटतो आणि धातू मूळ अंकावर परत येतो. हे चक्र हजारो वेळा फिरले तरच त्याला उत्प्रेरण म्हणायचे. एकदाच घडणारी विक्रिया कितीही नवलाची असली तरी तिच्यात 'उत्प्रेरक' समप्रमाणात खर्च होतो.

या संदर्भात एक गल्लत वारंवार होताना दिसते. अल्पसंयुजी संयुगाने उत्प्रेरण केले की ते संक्रमणी धातूसारखे वागले, असे गृहीत धरले जाते. कॅमेरॉन जोन्स यांच्या गटाने २०१४ मध्ये जर्मेनियम व कथिल यांच्या +२ हायड्राइडांच्या साहाय्याने कार्बोनिल संयुगांचे हायड्रोबोरेशन अत्यंत वेगाने घडवून आणले. ही निःसंशय मोलाची कामगिरी आहे. परंतु त्या चक्रात कथिल आरंभापासून अखेरपर्यंत +२ वरच राहते, केवळ त्याच्यावरील गटांची अदलाबदल होते. पॉलियुरेथेन फोमच्या निर्मितीत फार पूर्वीपासून वापरले जाणारे स्टॅनस ऑक्टोएट हेही +२ कथिलच होय आणि तेही लुइस आम्ल म्हणून काम करते. त्याला कोणी संक्रमणी धातूची उपमा दिली नाही.

याउलट, ऑल्ड्रिज यांच्या गटाने २०१६ मध्ये दोन बोरिल गट असलेल्या स्टॅनिलीनवर बंधाचे समावेशन व त्यानंतरचे विलोपन, अशा दोन्ही पायऱ्या दाखवल्या. अंक +२ वरून +४ वर गेला व परत आला. उपमेला खरा आधार आहे तो अशा कामाचा. मात्र त्यातही विलोपनात स्टॅनिलीनचा स्वतःचाच बोरिल गट बाहेर पडतो. म्हणजे कुंपणाचाच एक खांब खर्ची पडतो. पायऱ्या सिद्ध झाल्या, पण त्यांवरून चक्र सिद्ध झाले असे म्हणता येत नाही.

हा काथ्याकूट केवळ शब्दांचा नाही. सिलिकोन उद्योगात हायड्रोसिलिलेशनसाठी प्लॅटिनम वापरले जाते व ते बहुतांशी तयार मालातच अडकून राहते. त्याला स्वस्त पर्याय मिळणे ही खरी गरज आहे. पण सिलिलीन बनवण्यासाठी लागणारे अवजड लिगँड, पोटॅशियमसारखे तीव्र क्षपणक आणि हवा-पाण्याचा पूर्ण अभाव यांचा खर्च हिशेबात धरला, तर सिलिकॉन वाळूत विपुल आहे म्हणून त्याचा उत्प्रेरकही स्वस्त पडेल, हा युक्तिवाद टिकत नाही.

६. भारतीय संदर्भ

या क्षेत्रात भारतीय संशोधकांचा वाटा लक्षणीय आहे. क्लोरोसिलिलीन हे उपयुक्त संयुग २००६ मध्ये गॉटिंगेन येथे रोस्की यांच्या गटात प्रथम मिळाले, तेव्हा त्याचे उत्पादन जेमतेम १० टक्के होते. शाक्य एस. सेन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पद्धत बदलून ते ९० टक्क्यांपर्यंत नेले. एखादे संयुग कुतूहलाच्या पातळीवरून वापराच्या पातळीवर येते ते अशा कामामुळे. सेन यांनी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आपला गट उभा केला. त्या गटाने २०१७ मध्ये अल्डिहाइडांच्या सायनोसिलिलेशनसाठी धातुविरहित उत्प्रेरक प्रसिद्ध केला. तो सिलिलीन नसून पंचसमन्वयी +४ सिलिकॉनचे संयुग आहे, ही गोष्ट प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने बोलकी आहे. सिलिकॉनला +२ आणि +४ यांच्यामध्ये येरझारा घालायला लावण्यापेक्षा त्याच्या आवडत्या अंकावर ठेवून काम करून घेणे कित्येकदा अधिक फलदायी ठरते.

७. अध्यापनाविषयी एक सूचना

ग्रामीण महाविद्यालयांत निष्क्रिय वायूची पेटी उपलब्ध नसते. म्हणून हा विषय तेथे केवळ फळ्यावर राहावा, असे मात्र नाही. स्टॅनस क्लोराइडचे द्रावण ठेवताना त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल व कथिलाचे तुकडे का टाकतात, हा प्रश्न विचारावा. आम्ल जलविच्छेदन रोखते आणि कथिलाचा धातू +४ झालेल्या कथिलाला पुन्हा +२ वर आणतो. त्याच द्रावणाने आयोडीनचा रंग घालवून दाखवावा. कथिलाच्या +४/+२ जोडीचे प्रमाण विभव सुमारे ०.१५ व्होल्ट, तर आयोडीनचे सुमारे ०.५४ व्होल्ट आहे, हे सांगितले की 'निष्क्रिय' म्हटलेली जोडी परीक्षानळीत विद्यार्थ्याच्या डोळ्यांदेखत कामाला लागलेली दिसते. कुडपणहून पायपीट करून येणाऱ्या विद्यार्थ्यालाही हा प्रयोग स्वतःच्या हाताने करता येतो.

८. निष्कर्ष

(१) 'निष्क्रिय युग्म' ही संज्ञा बंध-ऊर्जेच्या जमाखर्चासह शिकवली जावी. (२) सिलिकॉनची अल्पसंयुजी संयुगे पकडण्यात समर्थ पण सोडण्यात कृपण आहेत. कथिलाची संयुगे सोडण्यात उदार, पण पकडण्यात दुर्बळ आहेत. (३) 'संक्रमणी धातूंसारखी' हे विशेषण अंक वर जाऊन परत येतो व रेणू सुटतो, अशा चक्रालाच लावावे. अंक न बदलता घडणाऱ्या उत्प्रेरणाचे मोल स्वतंत्र आहे, त्याला उसन्या उपमेची गरज नाही. (४) या दोन टोकांच्या मध्ये समतोल साधणारे लिगँड शोधणे, हेच या क्षेत्रापुढील खरे काम आहे. साम्य दाखवून झाले आहे. आता ते कोठे संपते याची नोंद ठेवणे तितकेच अगत्याचे आहे.