‘पश्चिमेचा मासा’ : एका सिद्धांताची तपासणी

अटलांटिक महासागरातील ब्लूफिन ट्यूना या कुप्याच्या कुळातील माशाच्या स्थलांतराविषयी बार्बरा ब्लॉक व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध २००५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिम अटलांटिकमध्ये ७७२ माशांना इलेक्ट्रॉनिक टॅग लावण्यात आले; त्यांपैकी ३३० माशांचे मार्ग हाती आले. मेक्सिकोच्या आखातात व भूमध्य समुद्रात अंडी घालणारे असे दोन भिन्न समुदाय असून चरण्याच्या क्षेत्रांत ते एकत्र येतात, हा त्यातील सिद्धांत.

त्याचे मोल भाषेच्या अंगाने पाहता विशेष ध्यानात येते. ‘पश्चिमेचा मासा’ या पदातील षष्ठी संदिग्ध आहे : विणीसाठी पश्चिमेस जाणारा, की पश्चिमेस सापडलेला? ४५ अंश पश्चिम रेखांशाजवळ रेषा आखून मासेमारीचे वाटे ठरविणाऱ्या व्यवस्थेने हे दोन्ही अर्थ एकच मानले. टॅगांनी ते वेगळे करून दाखविले. संख्येने अल्प असलेला आखातातील समुदाय रेषेच्या पूर्वेसही जातो. तेथे पकडलेला त्याचा मासा मात्र पूर्वेच्या खाती मांडला जातो.

तथापि दोन मर्यादा नमूद केल्या पाहिजेत. टॅग पश्चिमेसच लावले गेल्यामुळे, भूमध्य समुद्रात विणारे जे मासे महासागर ओलांडतच नाहीत, ते या पाहणीच्या कक्षेबाहेर राहिले. शिवाय टॅगाने नोंदविलेल्या प्रकाशावरून दिनमान व त्यावरून अक्षांश काढण्याची रीत संपातकाळी, दिनमान सर्वत्र जवळजवळ सारखेच असताना, दुबळी ठरते. म्हणून दोन समुदायांचे अस्तित्व मान्य करावे. त्यांच्या मिश्रणाचे प्रमाण केवळ या निबंधावरून ठरवू नये.