युरोपीय आर्ट सिनेमा: वेळेची कला आणि तिचा आधार

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात घडलेल्या कलात्मक चित्रपटाचे वेगळेपण बहुधा त्याच्या विषयांत शोधले जाते. एकाकी माणसे, ढासळलेली श्रद्धा, युद्धाच्या आठवणी, एकमेकांशी बोलणे थांबलेली जोडपी हे सारे त्यात आहेच; पण हे विषय व्यावसायिक चित्रपटालाही वर्ज्य नव्हते. मूळ फरक वेळेच्या हाताळणीत आहे. रूढ कथापटात पडद्यावरचा प्रत्येक क्षण पुढच्या घटनेची तयारी करतो आणि ज्याचा कथेला उपयोग नाही तो संकलनात कापला जातो. युरोपीय आर्ट सिनेमाने हा कापला जाणारा वेळ पडद्यावर ठेवला आणि त्याचा अर्थ लावण्याचे काम प्रेक्षकावर सोपवले. असा चित्रपट केवळ तिकीट खिडकीच्या भरवशावर तगणे अवघड होते. त्याला सार्वजनिक निधी, महोत्सव आणि चित्रपट पाहायला शिकवणाऱ्या संस्थांनी तगवले. त्याची आजची अवस्था समजून घेताना ही कला आणि तिचा हा आधार, दोन्हींकडे एकत्र पाहावे लागते.

या हाताळणीची सुरुवात इटालियन नववास्तववादात दिसते. रोबेर्तो रोसेलिनी यांचा 'रोम, ओपन सिटी' (1945) आणि व्हित्तोरिओ डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' (1948) यांची ख्याती खऱ्या रस्त्यांवरील चित्रीकरणामुळे झाली. डी सिका यांनी तर नायकाच्या भूमिकेसाठी एका कारखान्यातला कामगार निवडला. तरीही या दोन्ही चित्रपटांची कथा बरीच घट्ट विणलेली आहे. पुढचे पाऊल डी सिका आणि पटकथाकार चेझारे झाव्हात्तिनी यांनी 'उम्बेर्तो डी.' (1952) मध्ये टाकले. त्यात घरकाम करणारी एक गरोदर मुलगी सकाळी उठते, चूल पेटवते, भिंतीवरच्या मुंग्यांवर पाणी मारते, कॉफी दळता दळता पाय लांबवून दार लोटते. कथा इथे तसूभरही पुढे सरकत नाही, पण त्या मुलीची अवस्था कोणत्याही संवादाविना समजते. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझाँ यांनी या दृश्याचे महत्त्व ओळखले. कॅमेऱ्याने वास्तवाची सलगता जपावी, अर्थ कापाकापीतून लादू नये, या त्यांच्या भूमिकेने पुढच्या पिढीच्या हाती एक सिद्धांत दिला.

बाझाँ यांच्या सहभागाने 1951 मध्ये पॅरिसमध्ये 'काये द्यु सिनेमा' हे मासिक निघाले. तिथे लिहिणारे फ्रांस्वा त्रुफो, जाँ-ल्युक गोदार, एरिक रोमर, जाक रिव्हेत हे तरुण समीक्षक पुढे दिग्दर्शक झाले. आंरी लांग्ल्वा यांच्या सिनेमातेक या चित्रपट संग्रहालयात जुने चित्रपट पुन्हा पुन्हा पाहून त्यांची नजर तयार झाली होती. त्रुफोंचा 'द 400 ब्लोज' (1959) आणि गोदार यांचा 'ब्रेथलेस' (1960) या दोन चित्रपटांनी फ्रेंच नवप्रवाह जगभर पोहोचवला. गोदार यांनी सलग शॉटच्या मधले तुकडे काढून टाकले, त्यामुळे वेळ अडखळत पुढे जातो. बाझाँप्रणीत सलगतेच्या हे उलट होते, परंतु प्रेक्षकाला जागे ठेवणे हा हेतू सारखाच होता. आलँ रेने यांनी 'हिरोशिमा मोनामूर' (1959) मध्ये भूतकाळ आणि वर्तमान यांतली सीमाच पुसली. आन्येस व्हार्दा यांनी 'क्लिओ फ्रॉम 5 टु 7' (1962) मध्ये वैद्यकीय अहवालाची वाट पाहणाऱ्या गायिकेचा सुमारे दीड तास जवळपास तेवढ्याच लांबीत दाखवला. रोबेर ब्रेसाँ या नवप्रवाहाच्या बाहेरचे. त्यांनी नटांना दूर ठेवून अभिनय न करणारी माणसे घेतली, भावना दाखवण्याऐवजी हात, दारे आणि पावलांचे आवाज दाखवले. 'अ मॅन एस्केप्ड' (1956) मध्ये कैद्याची सुटका शीर्षकातच सांगून टाकलेली असल्याने प्रेक्षकाचे सारे लक्ष चमच्याने दार पोखरण्याच्या कष्टाकडे वळते.

1960 हे वर्ष निर्णायक ठरले. मिकेलांजेलो आंतोनिओनी यांच्या 'लाव्हेंतुरा'मध्ये एक तरुणी बेटावर हरवते. तिचा शोध सुरू होतो आणि हळूहळू चित्रपटालाच तिचा विसर पडतो. कान महोत्सवातल्या पहिल्या खेळात प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक आणि समीक्षकांनी पाठिंब्याचे पत्रक काढले आणि अखेर ज्युरी पारितोषिकात या चित्रपटाला वाटा मिळाला. एकाच कलाकृतीवर चोवीस तासांत दोन टोकांची मते उमटली, यावरून पाहण्याच्या सवयीच बदलू लागल्या होत्या हे दिसते. आंतोनिओनींनी 'लेक्लिस्से' (1962) च्या शेवटच्या काही मिनिटांत नायक-नायिकेला वगळून त्यांच्या भेटीची रिकामी जागा तेवढी दाखवली. फेदेरिको फेलिनी यांच्या '8½' (1963) मध्ये चित्रपट सुचत नसलेला दिग्दर्शक हाच विषय झाला. स्वीडनमध्ये इंगमार बर्गमन 'द सेव्हन्थ सील' आणि 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' (दोन्ही 1957) पासून 'पर्सोना' (1966) पर्यंत माणसाच्या चेहऱ्याकडे अधिकाधिक जवळून पाहत गेले. छायालेखक स्वेन निक्विस्ट यांच्या प्रकाशयोजनेत तो चेहराच घटनास्थळ बनतो.

पोलादी पडद्यापलीकडचा प्रवाह वेगळ्या परिस्थितीत वाढला. तिथे निर्माता सरकार होते आणि परीक्षण मंडळही सरकारचेच. पोलंडमधील वुत्श आणि प्राग येथील चित्रपट शिक्षणसंस्थांनी उत्तम तंत्रज्ञ घडवले, आणि सेन्सॉरमुळे दिग्दर्शकांना प्रतीकांची व आडवळणाची भाषा कमवावी लागली. आंजेई वायदा यांचा 'अॅशेस अँड डायमंड्स' (1958), मिलोश फॉरमन यांचा 'द फायरमेन्स बॉल' (1967), व्हेरा हितिलोव्हा यांचा 'डेझीज' (1966) हे या काळाचे ठळक चित्रपट. 1968 च्या सोव्हिएत आक्रमणाने फॉरमन आणि हितिलोव्हा यांचा चेक नवप्रवाह मोडला. हंगेरीत मिक्लोश यांचो यांनी 'रेड साम' (1972) तीसहून कमी शॉटमध्ये पूर्ण केला. त्यात शेतकरी, सैनिक, घोडे आणि कॅमेरा एकाच नृत्यात बांधल्यासारखे फिरतात. आंद्रेई तारकोव्हस्की यांनी चित्रपट म्हणजे वेळेतून कोरलेले शिल्प असा विचार मांडला. 'मिरर' (1975) व 'स्टॉकर' (1979) मध्ये तो प्रत्यक्षात आला. 'नॉस्टॅल्जिया' (1983) मध्ये पाणी उपसलेल्या कुंडातून पेटती मेणबत्ती न विझता पलीकडे नेण्याचा प्रयत्न एकाच प्रदीर्घ शॉटमध्ये आहे. ती दोनदा विझते, माणूस पुन्हा सुरुवातीपाशी येतो, आणि श्रद्धा ही गोष्ट प्रेक्षकाला कल्पना म्हणून नव्हे तर श्रम म्हणून जाणवते.

वेळेच्या या हाताळणीचा सर्वांत कठोर प्रयोग बेल्जियमच्या शांताल आकेरमान यांनी केला. 'जान दिएलमान' (1975) या तीन तास एकवीस मिनिटांच्या चित्रपटात एका विधवेचे तीन दिवस आहेत. ती बटाटे सोलते, पलंग आवरते, मुलाला जेवायला वाढते, आणि दुपारी घरी येणाऱ्या गिऱ्हाइकाला शरीर विकते. कॅमेरा समोर, स्थिर. पहिल्या दिवसाचा क्रम पाहून अंगवळणी पडला की दुसऱ्या दिवशी करपलेले बटाटे हीच मोठी दुर्घटना वाटू लागते आणि तिसऱ्या दिवसाच्या हिंसेची वाट तिथून जाते. घरकामाला लागणारा वेळ न कापता दाखवणे हीच इथली राजकीय भूमिका आहे. ब्रिटिश मासिक 'साइट अँड साउंड' दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. 1952 च्या पहिल्या कौलात 'बायसिकल थीव्ज' अग्रस्थानी होता. 2022 मध्ये 'जान दिएलमान' तिथे पोहोचला. मधल्या काळात थोरांच्या यादीचे निकषच बदलले. बर्गमन, फेलिनी, गोदार यांच्या नावांभोवती रचलेल्या इतिहासात 1975 चे बर्लिन महोत्सवाचे सुवर्ण अस्वल जिंकणाऱ्या मार्ता मेसारोश आणि 1977 मध्ये तेच मिळवणाऱ्या लारिसा शेपित्को यांना दीर्घकाळ तळटीपेतच जागा होती. हा आर्ट सिनेमाच्या समीक्षेतला दोष आहे. प्रतिभावान एकट्या दिग्दर्शकाची पूजा करताना तिने अनेकांकडे पाहिलेच नाही.

या चित्रपटांमागे पैशाची ठोस व्यवस्था होती. फ्रान्सने 1946 मध्ये राष्ट्रीय चित्रपट केंद्र स्थापन केले. तिथे प्रत्येक तिकिटावर कर बसतो, सध्या सुमारे 10.7 टक्के, आणि ती रक्कम चित्रपटसृष्टीकडेच परत येते. हॉलिवूडच्या चित्रपटाला गेलेला प्रेक्षकही अशा रीतीने फ्रेंच चित्रपटाला हातभार लावतो. 1959 मध्ये भावी उत्पन्नावर आगाऊ रक्कम देण्याची योजना आली आणि नवोदितांना दार उघडले. स्वीडनने 1963 मध्ये करमणूक कर रद्द करून तिकिटावर 10 टक्के आकारणी सुरू केली व तीतून चित्रपट संस्था चालवली. जर्मनीत 1962 मध्ये ओबरहाउझेन येथे 26 तरुण चित्रपटकर्त्यांनी जाहीरनामा काढून जुन्या चित्रपटाचा मृत्यू घोषित केला. सार्वजनिक निधी आणि दूरचित्रवाणीच्या पैशावर पुढे फासबिंडर, हेरझोग, वेंडर्स हे दिग्दर्शक उभे राहिले. किएश्लोव्स्की यांची 'डेकालॉग' ही दहा भागांची मालिकाही पोलिश दूरचित्रवाणीसाठीच तयार झाली. पुढे युरोप परिषदेचा 'युरिमाज' निधी (1988) आणि युरोपीय समुदायाचा 'मीडिया' कार्यक्रम (1991) यांनी अनेक देशांची संयुक्त निर्मिती हा नियमच करून टाकला.

भारताशी, आणि विशेषतः मुंबई-पुण्याशी, या सिनेमाचा संबंध जुना आहे. 1952 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात 'बायसिकल थीव्ज' दाखवला गेला. पुढच्याच वर्षी आलेल्या बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'वर त्याची छाया स्पष्ट आहे. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (1964) आणि फिल्म इन्स्टिट्यूट, तसेच मुंबईतील प्रभात चित्र मंडळ (1968) यांसारख्या फिल्म सोसायट्या यांनी हे चित्रपट सामान्य रसिकापर्यंत आणले. सतीश बहादूर आणि पी. के. नायर यांच्या रसास्वाद वर्गांनी ते पाहण्याची रीत शिकवली. मणि कौल यांच्या 'उसकी रोटी' (1970) मध्ये ब्रेसाँचा वारसा आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (2014) या मराठी चित्रपटात न्यायालयाचे कामकाज उरकल्यावरही कॅमेरा रिकाम्या होत जाणाऱ्या दालनात थांबतो. या थांबण्यामागे हीच परंपरा आहे. 'कोर्ट'ला व्हेनिस महोत्सवाच्या ओरिझोंती विभागात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला.

1990 नंतरच्या युरोपीय आर्ट सिनेमात तीन धारा ठळक दिसतात. पहिली शिस्तीची. डेन्मार्कच्या 'डॉगमा 95' जाहीरनाम्याने कृत्रिम प्रकाश, बाहेरून जोडलेले संगीत आणि दिग्दर्शकाचे नावही वर्ज्य ठरवले. टोमास विंटरबर्ग यांचा 'फेस्टेन' (1998) हे तिचे सर्वांत सकस फळ. नियमांची नवलाई मात्र लवकर ओसरली. दुसरी धारा सामाजिक निरीक्षणाची. बेल्जियमच्या दार्देन बंधूंचा 'रोझेत्ता' (1999) नोकरीसाठी धडपडणाऱ्या मुलीच्या पाठीमागून कॅमेरा पळवतो. रुमानियात क्रिस्ती पुयू यांच्या 'द डेथ ऑफ मिस्टर लाझारेस्कू' (2005) मध्ये एक आजारी म्हातारा रात्रभर बुखारेस्टच्या रुग्णालयांत फिरवला जातो. क्रिस्तियान मुंजियू यांचा '4 मन्थ्स, 3 वीक्स अँड 2 डेज' (2007) चाउशेस्कूच्या राजवटीतील बेकायदा गर्भपाताबद्दल आहे. मैत्रिणीला हॉटेलात सोडून आलेली नायिका वाढदिवसाच्या जेवणाच्या टेबलावर अडकते, भोवती गप्पा रंगतात आणि कॅमेरा तिच्या समोरून हलत नाही. हा न कापलेला वेळ कोणत्याही पाठलागापेक्षा अधिक ताण निर्माण करतो. तिसरी धारा मायकेल हानेके यांच्यासारख्या दिग्दर्शकांची, जी प्रेक्षकाच्या पाहण्यावरच प्रश्न उभा करते. जोनाथन ग्लेझर यांचा 'द झोन ऑफ इंटरेस्ट' (2023) तिचा अलीकडचा पुरावा. आउशविट्झच्या भिंतीलगतच्या घरात अधिकाऱ्याचे कुटुंब बाग फुलवते आणि छळछावणी मुख्यतः ध्वनीतून येते.

याच काळात दोषही घट्ट झाले. महोत्सव हे आर्ट सिनेमाचे पहिले आणि बऱ्याचदा एकमेव व्यासपीठ झाल्यावर महोत्सवाला रुचणारी शैली तयार झाली: दीर्घ शॉट, कमी संवाद, धूसर रंग, अनिर्णित शेवट. बेला तार यांच्या 'द ट्युरिन हॉर्स' (2011) मध्ये तीसेक शॉटमध्ये एका बापलेकीचे जगणे विझत जाते. तिथे संथपणा हाच आशय आहे. त्यांच्या अनुकरणात अनेकदा संथपणा केवळ प्रतिष्ठेची खूण उरतो. अनेक देशांच्या निधीसाठी लिहिल्या जाणाऱ्या पटकथा सर्वांना पटेल अशा सावध सुरात बोलतात, हा आक्षेपही निराधार नाही. उलट, अकी कौरिस्माकी यांचा 'फॉलन लीव्ज' (2023) किंवा जुस्तिन त्रिए यांचा 'अॅनाटॉमी ऑफ अ फॉल' (2023) विनोद, प्रेमकथा, न्यायालयीन रहस्य अशा लोकप्रिय प्रकारांतून जातात आणि तरीही प्रेक्षकाचे काम त्याच्याकडून काढून घेत नाहीत. आर्ट सिनेमा आणि रंजन यांतली जुनी भिंत अशा चित्रपटांत पातळ होते आहे, आणि आजची जिवंत निर्मिती बरीचशी इथेच आहे.

प्रदर्शनाची बाजू अधिक अवघड आहे. 2017 मध्ये नेटफ्लिक्सच्या दोन चित्रपटांवरून कानमध्ये वाद झाला आणि पुढच्या वर्षापासून स्पर्धेसाठी फ्रान्समधील चित्रपटगृहात प्रदर्शन अनिवार्य झाले. दुसरीकडे, 'मुबी'सारख्या ऑनलाइन सेवांमुळे एकेकाळी फिल्म सोसायटीत वर्षभर वाट पाहून मिळणारा चित्रपट घरबसल्या मिळू लागला. उपलब्धता वाढली, पण या कलेचा मूळ करार बदलला. न कापलेला वेळ परिणाम करतो तो प्रेक्षकाला सहजासहजी उठून जाता येत नाही म्हणून. घरच्या पडद्यावर तो कापण्याचा अधिकार प्रेक्षकाच्याच बोटात आहे. युरोपीय निधी मात्र आता खंडाबाहेरही पोहोचतो. पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट' हा मुंबई आणि कोकण किनाऱ्यावर घडणारा चित्रपट फ्रान्ससह युरोपीय भागीदारांबरोबर तयार झाला आणि 2024 मध्ये कानचा ग्रां प्री पटकावून आला.

एकूण पाहता निर्मितीची बाजू आज भक्कम आहे; उणीव आहे ती महोत्सवाबाहेर नियमित जमणाऱ्या प्रेक्षकाची. त्यावर सर्वांत दूरचा विचार फ्रान्सने केला. तिथे 1989 पासून माध्यमिक आणि पुढे प्राथमिक शाळांतील मुलांना शाळेच्या वेळेत चित्रपटगृहात नेऊन निवडक चित्रपट दाखवले जातात आणि वर्गात त्यांवर चर्चा होते. निधीने चित्रपट तयार होतो, तो पाहण्याची सवय मात्र अशीच लहानपणापासून लावावी लागते. जिथे हे दोन्ही झाले तिथे आर्ट सिनेमाला चित्रपटगृह उरले आहे. जिथे केवळ पहिले झाले तिथे तो महोत्सवांपुरता राहिला.