वर्णद्वेषाचे दफ्तर

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्ये एवढी दरिद्री का राहिली, आणि त्या दारिद्र्यातही कृष्णवर्णीयांचा वाटा एवढा मोठा का, या दोन प्रश्नांची उत्तरे सामान्यतः निरनिराळ्या ठिकाणी शोधली जातात. पहिल्या प्रश्नासाठी हवामान, कापूस व भांडवल यांची चर्चा होते. दुसऱ्यासाठी मनुष्यस्वभावाकडे बोट दाखविले जाते. गोऱ्याला काळ्याचा तिटकारा मुळातच असतो, असे म्हणून टाकले की पुढचे श्रम वाचतात. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचा ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ हा १९३५ साली निघालेला, सातशेंहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ हे दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत असे प्रतिपादन करतो. आमच्या मते ग्रंथाचे मोठेपण या एका गोष्टीत आहे. आणि त्याचे उणेपण कोठे आहे तेही आम्ही सांगणार आहोत.

ग्रंथाचा काळ यादवी युद्धाच्या आरंभापासून १८७६-७७ पर्यंतचा. युद्ध संपले तेव्हा सुमारे चाळीस लक्ष गुलाम मुक्त झाले होते. पुढील दहा-बारा वर्षांत त्यांनी मतदान केले, विधिमंडळांत जागा मिळविल्या, शाळा काढल्या. नंतर हे सारे त्यांच्या हातून काढून घेण्यात आले. या काळाचा जो इतिहास अमेरिकेत पिढ्यान्पिढ्या शिकविला गेला त्यावर कोलंबिया विद्यापीठातील प्रा. विल्यम डनिंग व त्यांच्या शिष्यांची छाप होती. अडाणी काळ्यांच्या हाती सत्ता गेली, लाचलुचपत माजली, मग सभ्य गोऱ्यांनी प्रांत सावरला, अशी ती कथा. डु बॉइस यांनी ही कथा पुराव्यासकट उलटी केली. ‘अमेरिकन हिस्टॉरिकल रिव्ह्यू’ या तेथील अग्रगण्य इतिहासविषयक नियतकालिकाने त्यांच्या ग्रंथाचे त्या वेळी परीक्षणही छापले नाही. खंडन करण्याचे श्रम टाळावयाचे असले म्हणजे विद्वान मंडळी मौन पाळतात. हा रिवाज केवळ अमेरिकेतला नव्हे.

ग्रंथाचा गाभा, आम्हांस वाटते, जमिनीच्या प्रकरणात आहे. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन याने हुकूम काढला. चार्ल्सटनपासून फ्लॉरिडातील सेंट जॉन्स नदीपर्यंतच्या किनारपट्टीची जमीन मुक्त कुटुंबांना, दर कुटुंबास चाळीस एकरांपर्यंत, तोडून द्यावी असा तो होता. सुमारे चाळीस हजार माणसे तेथे वसली. परंतु ज्याने आयुष्यात एखादी तरी सनद उलगडून वाचली आहे तो पहिला प्रश्न विचारील : दिले ते काय? मालकी की कब्जा? हुकुमाने दिला तो कब्जा. लिंकनच्या खुनानंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनने २९ मे १८६५ रोजी बंडखोरांना माफीचा जाहीरनामा काढला आणि गुलाम वगळून त्यांची मालमत्ता परत करण्याचे ठरविले. ऑक्टोबरमध्ये जनरल हॉवर्ड एडिस्टो बेटावर गेला आणि तेथील देवळात जमलेल्या माणसांना, पेरलेली जमीन सोडून जुन्या धन्याशी करार करा, असे सांगू लागला. त्यांनी नकार दिला व अध्यक्षाकडे अर्ज केला. त्या अर्जातील युक्तिवाद कोणाही वकिलाला अभिमान वाटावा असा आहे : सरकारशी एकनिष्ठ आम्ही राहिलो, बंड त्यांनी केले, आणि जमीन त्यांना? अर्ज निष्फळ ठरला. डु बॉइस यांचे म्हणणे असे की मताचा अधिकार जमिनीवाचून दिला तेव्हाच तो परत घेतला जाणार हे ठरून गेले. थॅडियस स्टीव्हन्स याने काँग्रेसमध्ये बड्या मळेवाल्यांच्या जमिनी जप्त करून वाटण्याची योजना मांडली होती. ती बारगळली, कारण उत्तरेतील भांडवलवाल्यांनाही मालमत्तेच्या हक्काला हात लागलेला नको होता.

जमीन नाही, पण हात आहेत, तेव्हा अर्धेली आली. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी कुळे होती, किंवा जे स्वतः कुळे होते, त्यांना तिचे वर्णन करावयास नको. जमीनदार जमीन, खेचर व बी देई. पीठमीठ दुकानदार उधार देई, व त्याबद्दल उभ्या पिकावर तारण लिहून घेई. रोकडीचा भाव एक, उधारीचा दुसरा. वही दुकानदाराची, हिशेब दुकानदाराचा, आणि तारणाला कापसाखेरीज दुसरे पीक चालत नसे. त्यामुळे ज्याला मका लावून पोट भरता आले असते तोही कापूसच लावी व मका विकत घेई.

येथे आमच्याकडील एक दुवा नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. १८६० पर्यंत इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा भाग याच अमेरिकन दक्षिणेतून जाई. युद्धाने तो थांबला आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला; १८६५ त युद्ध संपले आणि मुंबईचे शेअर कोसळले. भाव उतरल्यावर दख्खनच्या शेतकऱ्याच्या अंगावर सावकाराचे रोखे तेवढे राहिले, आणि मे १८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी दुकानांवर चालून जाऊन ते रोखे जाळले. एकाच कापसाने दोन खंडांतील शेतकरी बांधला होता. पण पुढे वाटा फुटल्या. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. कायदा अपुरा होता, पण दिशा ती होती. अमेरिकेच्या दक्षिणेत विधिमंडळे उलट दिशेने चालली. नॉर्थ कॅरोलिनात १८७७ च्या कायद्याने खंड फिटेपर्यंत सारे पीक जमीनदाराच्याच ताब्यातले मानले जाऊ लागले.

वर्णभेद हा स्वभाव नसून कायदेकारीने उभी केलेली इमारत आहे, याचा पुरावा आम्हांस अशा कलमांतून मिळतो. मिसिसिपीच्या १८६५ च्या कायद्याने मुक्त कृष्णवर्णीयाला शहराबाहेर जमीन खंडाने घेण्याची बंदी केली, आणि दर जानेवारीत नोकरीचा लेखी दाखला जवळ असण्याची सक्ती केली. दाखला नाही तो भटक्या, भटक्याला दंड, दंड भरता येत नाही त्याची मजुरी दंड भरणाऱ्याच्या दावणीला. अलाबामाचा नमुना याहून बारीक आहे. उचल घेऊन काम सोडले तर त्यावरूनच फसवणुकीचा हेतू गृहीत धरावा, असा तेथील कायदा. आणि त्याच राज्याच्या पुराव्याच्या नियमाप्रमाणे, मनातला हेतू काय होता हे आरोपीला स्वतःच्या साक्षीत सांगता येत नसे. गृहीतक त्याच्याविरुद्ध आणि तोंडाला कुलूप. अलोंझो बेली या मजुराने पंधरा डॉलर उचल घेऊन महिनाभराने काम सोडले. दंड व खर्च न भरल्यास एकशे छत्तीस दिवस सक्तमजुरी, अशी शिक्षा त्याला झाली. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द ठरविला. आपल्याकडे उचल घेतलेल्या कारागिराला फौजदारीत ओढणारा १८५९ चा तेरावा कायदा रद्द होण्यास १९२५ साल उजाडले, हेही येथे लक्षात ठेवलेले बरे.

डु बॉइस यांनी गोऱ्या मजुराबद्दल केलेला विचार ग्रंथात सर्वांत मौलिक आहे. कृष्णवर्णीयाची मजुरी पाडली की शेजारच्या गोऱ्याचीही पडते. मग गोरा त्याच्या बाजूने का उभा राहिला नाही? ग्रंथकार म्हणतात, त्याला रोकड कमी मिळाली तरी मानाची मजुरी मिळाली : बागेत प्रवेश, बरी शाळा, कचेरीत अदबीचे दोन शब्द, आणि आपल्याखाली कोणीतरी आहे हे समाधान. या मानावर गोऱ्याचे पोट मात्र भरले नाही. लुइझियानात १८९६ मध्ये नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार १,३०,३३४ होते; नव्या राज्यघटनेनंतर १९०० मध्ये ते ५,३२० उरले. परंतु त्याच अटींनी हजारो गरीब गोऱ्यांचीही नावे यादीतून गेली. मतदार कमी तेवढा कर कमी, शाळा कमी. १९३७ साली दक्षिणेतील सरासरी उत्पन्न दरडोई ३१४ डॉलर होते आणि उर्वरित देशात ६०४. रूझवेल्ट सरकारच्या १९३८ च्या अहवालाने हे आकडे मांडले. काळ्याला खाली दाबण्यासाठी सारा प्रांत खाली बसला.

आपल्याकडे अशा दारिद्र्याला प्राक्तन म्हणण्याची सोय आहे. तेथील मळेवाल्यांच्या पाद्र्यांनी बायबलातील हॅमच्या शापात ती शोधली. दोन्हीकडे खतावणी कोणी उघडली नाही.

आता मतभेदाचे मुद्दे. गुलाम मळे सोडून उत्तरेच्या फौजेकडे धावले, याला ग्रंथकार ‘सार्वत्रिक संप’ म्हणतात. संपाला मागणी लागते, संघटन लागते; येथे लक्षावधी माणसे आपापल्या जिवावर उदार होऊन निघाली, आणि त्यांचे मोठेपण परक्या परिभाषेच्या आधाराची अपेक्षा करीत नाही. साउथ कॅरोलिनातील सरकारला श्रमजीवी वर्गाच्या सत्तेच्या जवळ नेऊन बसविण्याचा मोहही त्यांना आवरलेला नाही. त्या सरकारने दक्षिणेत सार्वजनिक शाळांचा पाया घातला, ज्यांचा लाभ गोऱ्या गरिबांनाही झाला. जमीन विकत घेऊन छोट्या कास्तकारांना देण्यासाठी मंडळ नेमले. पण मालमत्तेचा हक्क मुळातून हलविण्याचा विचारही केला नाही. मार्क्सची चौकट येथे अंगाला ढिली बसते. दुसरी उणीव आम्हांस अधिक खटकते. १८७७ नंतर जे टिकले ते न्यायालयांमुळे टिकले, आणि त्या भागाला ग्रंथात विधिमंडळांच्या मानाने थोडी जागा मिळाली आहे. एप्रिल १८७३ मध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे कित्येक डझन कृष्णवर्णीयांना गोऱ्या टोळीने ठार मारले. त्यातील दोषी ठरलेल्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १८७६ मध्ये ज्या कारणाने रद्द केली ते असे : चौदावी घटनादुरुस्ती राज्याला बांधते, खाजगी माणसांना नाही. ही एक ओळ दहा विधिमंडळांहून जास्त चालली. १८९६ च्या प्लेसी निकालाने मग वेगळे डबे, वेगळ्या शाळा कायदेशीर झाल्या.

१८७३ हे साल मराठी वाचकाला अन्य कारणाने परिचित आहे. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ निघाली, आणि गुलामांना मुक्त करण्याच्या कार्याबद्दल ती त्यांनी अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केली. अर्पणपत्रिका लिहिली जात असताना तिकडे ते कार्य उलटू लागले होते, हे पुण्यात कळण्याचा मार्ग नव्हता. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबियात शिकत होते तेव्हा डनिंग तेथेच शिकवीत होते. १९४६ मध्ये आंबेडकरांनी डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. अर्ज कसा लिहावा, हे दोघांनाही महत्त्वाचे वाटले.

डु बॉइस ऑगस्ट १९६३ मध्ये घानात निवर्तले. त्यानंतर १९६४ व १९६५ चे कायदे झाले, आणि एरिक फोनर यांच्या १९८८ च्या ग्रंथाने त्यांची बाजू विद्यापीठांतही बव्हंशी मान्य झाली. जमिनीचा हिशेब मात्र पुढे आलाच आहे : अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मध्यम गोऱ्या कुटुंबाची संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर व कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० होती.

ग्रंथ मोठा आहे व मध्यभागी राज्यवार प्रकरणे कंटाळवाणी होतात. ज्यांना इतका वेळ नाही त्यांनी शेवटचे प्रकरण प्रथम वाचावे. तीत ग्रंथकार शालेय पुस्तकांतील वाक्ये एकामागून एक साक्षीदारासारखी उभी करून उलटतपासणी घेतात. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ने त्यांच्या लेखातून पुनर्रचनेविषयीची अनुकूल वाक्ये काढून टाकली तेव्हा त्यांनी तो लेख परत घेतला, ती हकीगतही तेथेच आहे.