‘झेन आर्केड’ आणि त्याचे परीक्षक

एखाद्या कृतीची स्तुति व्हावी, परंतु ती भलत्याच गुणाबद्दल व्हावी, हा प्रकार वाङ्मयाच्या प्रांतांत नवा नाहीं. संगीतांत तो कसा घडतो याचें उदाहरण म्हणून ‘हुस्कर डू’ या अमेरिकन त्रिकुटाच्या ‘झेन आर्केड’ या दोन तबकड्यांच्या संचाकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. हा संच जुलै १९८४ मध्यें बाहेर पडला. श्रेष्ठ ध्वनिमुद्रणांच्या याद्यांत त्याचें नांव पुढें अनेकदां आलें. त्याची योग्यता आम्हांसहि मान्य आहे. परंतु ज्या कारणास्तव परीक्षकांनीं त्यास प्रथम उचलून धरिलें, तें कारण मात्र आम्हांस पटत नाहीं.

पंक म्हणजे काय, हें ज्यांच्या घरांत तरुण मुलें आहेत त्यांस सांगावयास नको. इतरांसाठीं एवढेंच सांगतों कीं, १९७० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्क व लंडन या शहरांत उदय पावलेला हा एक बंडखोर गायनप्रकार. त्याची ‘हार्डकोर’ नांवाची अमेरिकन शाखा अधिकच कर्मठ होती. गाणें दीड-दोन मिनिटांत आटोपलें पाहिजे, लय भरधाव असली पाहिजे, चालींत गोडवा शिरतां कामा नये. जुन्या रूढींविरुद्ध बंड करून निघालेल्या या पंथानें स्वतःचें सोंवळें-ओंवळें फार लवकर निर्माण केलें! मिनेसोटांतील सेंट पॉल येथें १९७९ सालीं एकत्र आलेले बॉब मोल्ड, ग्रँट हार्ट व ग्रेग नॉर्टन हे याच पंथांतले. त्यांच्या तबकड्या काढणारी कॅलिफोर्नियांतील एसएसटी ही एक लहानशी संस्था होती. बड्या कंपन्यांच्या आश्रयावांचून चालणाऱ्या अशा उद्योगासच ‘इंडी’ म्हणतात.

ऑक्टोबर १९८३ मध्यें रेडोंडो बीच येथें हा संच ध्वनिमुद्रित झाला. ध्वनिमुद्रण आणि मिश्रण मिळून लागले अवघे पंचाऐंशी तास, आणि खर्च आला ३,२०० डॉलर. तेवीस तुकडे, सुमारें सत्तर मिनिटें. दोन सोडून बाकीचीं सर्व गाणीं पहिल्याच प्रयत्नांत घेतलेलीं. आणि तीं दोन पुन्हां घ्यावीं लागलीं तीं सुरुवात फार वेगानें झाली म्हणून! यामागील कथासूत्र असें: आईबापांच्या भांडणास विटलेला एक मुलगा घर सोडून बाहेर पडतो; बाहेरचें जग घराहून वाईट आहे असें त्यास दिसून येतें; आणि शेवटीं हें सर्व स्वप्न होतें असें ठरतें.

या कथासूत्रावरच परीक्षक लुब्ध झाले. ‘रोलिंग स्टोन’ मध्यें डेव्हिड फ्रिक यांनीं या कृतीची तुलना ‘द हू’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या १९७३ सालच्या ‘क्वाड्रोफीनिया’ या सांगीतिक आख्यानाशीं केली. ‘व्हिलेज व्हॉइस’ नें घेतलेल्या परीक्षकांच्या वार्षिक मतगणनेंत ती पहिल्या दहांत आली. तिकडे प्रकाशकांस मात्र आपल्या मालाचा भरंवसा नव्हता. त्यांनीं कांहीं हजार प्रतीच काढल्या, त्या तेव्हांच संपल्या, आणि पुढें कित्येक महिने दुकानांत तबकडी मिळेना. परीक्षण वाचावें आणि वस्तु मिळूं नये, अशी वाचकांची स्थिति झाली.

तुलनेस आमचा विरोध नाहीं. अपरिचित वस्तु परिचितावरूनच समजते. आमच्या इकडेहि एखाद्या लेखकास पाश्चात्य साहित्यिकाचें नांव बहाल केल्याखेरीज कित्येकांस त्याचें मोठेपण पटत नाहीं. परंतु ‘ही कृति अमुक मोठ्या कृतीसारखी आहे’ असें म्हटल्यानें तिच्या महत्त्वाकांक्षेचें माप घेतलें जातें, सिद्धीचें नव्हे. कथा म्हणून पाहिलें तर ‘झेन आर्केड’ दुबळें आहे. मुलाचें व्यक्तिचित्र कोठेंहि उभें राहत नाहीं; गाण्यांचा क्रम बदलला तरी कथेचें फारसें बिघडत नाहीं; आणि ‘हें सर्व स्वप्न होतें’ ही अखेर तर शाळेंतील मुलाच्या निबंधासहि शोभणारी नाहीं. मुलगा एका धर्मपंथाच्या नादीं लागतो, तेथें चक्क ‘हरे कृष्ण’ चा घोष ऐकूं येतो. आम्हां भारतीयांस ओळखीचा हा नामघोष येथें धडधडत्या ठेक्यावर आरडाओरडीच्या स्वरूपांत येतो. त्याचें हंसूं आल्यावांचून राहिलें नाहीं. तरी बुद्धि गहाण पडण्याचा जो भाव तेथें हवा होता, तो साधला आहे हें कबूल केलें पाहिजे.

मग या कृतीचें सामर्थ्य कशांत आहे? आमच्या मतें, पंथानें बहिष्कृत केलेल्या गोष्टींस तिनें घरांत घेतलें यांत. तिसरेंच गाणें घ्या. दोन कर्णकर्कश गाण्यांच्या पाठोपाठ हार्टचें, साध्या लांकडी गिटारीवरचें, अबोल्याचें गाणें येतें. तें ऐकतांच खोलींतली हवा बदलते. पुढें मध्येंच पियानोचे छोटे तुकडे येतात, त्यांस शब्दच नाहींत. मोल्डच्या गाण्यांत आक्रोश अधिक, हार्टच्या गाण्यांत चाल अधिक. एकाचा संताप आणि दुसऱ्याचा हळवेपणा यांची जी ओढाताण चालते, तीच खरी कथा. घर सोडलेल्या मुलाचें मन आम्हांस कळतें तें या ओढाताणींतून, वर सांगितलेल्या सारांशांतून नव्हे.

दोष आहेत, आणि ते लहान नाहींत. ध्वनिमुद्रण पातळ व किरकिरें आहे. शब्द वाद्यांच्या गदारोळांत बुडतात. दुसऱ्या बाजूवर एकाच तऱ्हेचा आरडाओरडा ऐकून कान थकतात. पैसा नव्हता, वेळ नव्हता, हें खरें. परंतु दारिद्र्यानें दोषाचें कारण समजतें, दोष जात नाहीं. अखेरचा जवळजवळ चौदा मिनिटांचा केवळ वाद्यांचा तुकडा मात्र आम्ही दोषांत धरीत नाहीं. दीड मिनिटांत उठून जाण्याची शपथ घेतलेल्या मंडळींनीं येथें बैठक मारली आहे, आणि कोठें जावयाचें हें ठाऊक नसतांहि वाजवणें थांबविलेलें नाहीं.

महत्त्वाकांक्षा ही सांसर्गिक असते. हे दोन तबकड्यांचें काम करीत आहेत असें कळतांच याच संस्थेच्या ‘मिनटमेन’ या मित्रमंडळींनीं आपलाहि संच वाढवून दोन तबकड्यांचा केला, आणि तो त्याच महिन्यांत प्रसिद्ध झाला. त्यांत कथा अशी कांहींच नाहीं. तरी कित्येक जाणते त्यास वरचें स्थान देतात, आणि तें अगदींच अन्याय्य आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

ज्यांस हा संच ऐकून पाहावयाचा असेल त्यांनीं कथेच्या मागें न लागतां तिसरी बाजू आधीं लावावी. तेथें हार्टचें एक गाणें आहे: मादक द्रव्यानें मेलेली मुलगी, तिचा पालटत जाणारा वर्ण, आणि एखाद्या साध्या प्रेमगीतास शोभेल अशी चाल. त्यानंतर पहिली बाजू लावावी. दुसरीस हात घालण्यापूर्वीं घरांतील वडील मंडळी झोपलेलीं नाहींत, एवढें पाहून घ्यावें.