‘आमदाराची कारकीर्द’ : एका चरित्रप्रकाराच्या भाषेची चिकित्सा
(परभणी जिल्ह्याच्या संदर्भात)

लोकप्रतिनिधींचे परिचय लिहिण्याचा एक स्वतंत्र गद्यप्रकार मराठीत रूढ झालेला आहे. षष्ट्यब्दिपूर्तीचे गौरवग्रंथ, स्मरणिका, वृत्तपत्रांच्या विशेष पुरवण्या आणि प्रचारपुस्तिका ही त्याची नेहमीची स्थाने होत. वाङ्मय म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही. इतिहासाचा अभ्यासक त्यातून सनावळ्या उचलतो आणि बाकीचा मजकूर अलंकार म्हणून बाजूस सारतो. वस्तुतः या प्रकारातील अर्थ सनावळ्यांपेक्षा त्या मजकुराच्या व्याकरणात अधिक साठविलेला असतो. आमदार कसा झाला हे सांगताना ही भाषा कर्ता लपविते आणि आमदाराने काय केले हे सांगताना एकच कर्ता उभा करते. या दोन प्रवृत्तींची चिकित्सा परभणी जिल्ह्याच्या उदाहरणांवरून करणे हा येथील हेतू आहे.

१

आरंभ ‘कारकीर्द’ या शब्दापासूनच करावयास हवा. हा शब्द फारसीतून आला. ‘कार’ म्हणजे काम आणि ‘कर्द’ म्हणजे करणे, हे त्याचे घटक. मराठीत मात्र तो प्रथमपासून अंमलाशी जोडला गेला. राजाची, पेशव्याची, सुभेदाराची कारकीर्द असे. पाटलाच्या बैलाची किंवा कीर्तनकाराची नसे. कारकीर्द म्हणजे ज्या काळात एखाद्याची सत्ता चालली तो काळ, हा अर्थ शब्दात मुरलेला आहे. आज खेळाडू आणि नट यांनाही कारकीर्द लाभली असल्याने शब्दाचा अर्थविस्तार झाला हे खरे. पण ‘आमदाराची कारकीर्द’ या प्रयोगात तो पुन्हा आपल्या जुन्या घरी परततो. विधानसभेचा सदस्य हा अंमल करणारा अधिकारी नव्हे. प्रश्न विचारणे, कपात सूचना मांडणे, विधेयकाच्या कलमावर बोलणे, मत देणे हे त्याचे घटनादत्त काम आहे. म्हणजे त्याचे काम मुख्यतः वाचेचे आहे. ‘कारकीर्द’ म्हटले की वाचा मागे पडते आणि अंमल पुढे येतो.

‘आमदार’ हा शब्दही या दृष्टीने निरुपद्रवी नाही. ‘-दार’ हा धारण करणाऱ्याचा वाचक प्रत्यय होय. जमीनदार, जहागीरदार, इनामदार या शब्दांत पहिला घटक धारण केलेल्या वस्तूचा असतो. त्याच मापाने पाहिल्यास ‘आम’ म्हणजे सर्वसामान्य लोक हे आमदाराचे धारण केलेले वित्त ठरते. रूढार्थ तसा नाही, हे उघड आहे. तथापि ज्या मुलखात जहागिरी १९४९ साली कायद्याने संपल्या आणि अवघ्या तीन वर्षांनी पहिले आमदार निवडले गेले, त्या मुलखात हा शब्द कोणत्या शब्दमालिकेत जाऊन बसला असेल, याचा विचार अर्थशास्त्राच्या नव्हे, तर शब्दार्थाच्या अभ्यासकाने करावयास हवा.

२

परिचयलेखांचे मध्यवर्ती क्रियापद ‘निवडून येणे’ हे आहे. मराठीच्या सामान्य नियमाप्रमाणे ऊन-प्रत्ययान्त धातुसाधिताचा आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच असतो. ‘तो जेवून आला’ यात जेवणारा तो आणि येणाराही तोच. ‘तो निवडून आला’ यात मात्र येणारा उमेदवार असून निवडणारे दुसरेच आहेत. या रचनेला मराठीत सोबती आहेत. ‘दळण दळून आले’, ‘कपडे धुऊन आले’ ही वाक्ये अशाच घडणीची होत. दळणारा आणि धुणारा यांचा उल्लेख तेथे अनावश्यक मानला जातो, कारण बोलणाऱ्याला कामाशी कर्तव्य असते, काम करणाऱ्याशी नसते. मतदार हा या वाक्यरचनेत गिरणीवाल्याच्या जागी बसतो.

‘येणे’ या क्रियापदाची दिशाही लक्षात घेण्यासारखी आहे. येणे हे बोलणाऱ्याच्या दिशेने होते. ‘विधानसभेवर निवडून गेले’ असेही मराठीत म्हणता येते आणि जुन्या लेखनात ते आढळते; त्यात बोलणारा मतदारसंघात उभा असतो आणि आपल्यातून एकाला पाठवीत असतो. ‘निवडून गेले’ म्हणताना कोठे गेले हे सांगावे लागते; ‘निवडून आले’ म्हणताना काहीच सांगावे लागत नाही. ‘निवडून दिले’ या तिसऱ्या प्रयोगात तर देणारा कर्ता तृतीयेत येऊन उभा राहतो : ‘मतदारांनी निवडून दिले’. तीन पर्याय भाषेत असताना परिचयलेख सरसकट पहिला स्वीकारतो.

हाच क्रम पुढे चालू राहतो. ‘तिकीट मिळाले’, ‘संधी चालून आली’, ‘मंत्रिमंडळात वर्णी लागली’, ‘पराभव पत्करावा लागला’. तिकीट कोणी दिले, कोणाचे कापून दिले, वर्णी कोणी लावली, पराभव कोणी केला, या प्रश्नांना वाक्यात जागाच ठेवलेली नाही. या मालिकेत एकच वाक्य ठळकपणे सकर्तृक असते : ‘त्यांनी अमुक पक्षात प्रवेश केला’. परंतु प्रवेशाचे वाक्य लिहिले की आधीचा पक्ष सोडल्याचे वाक्य लिहावे लागत नाही. १९८५ साली बावन्नाव्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची आली आणि पक्षांतर हा कायद्याचा विषय झाला. परिचयलेखात मात्र अद्याप केवळ प्रवेश होतात. निर्गमने होत नाहीत.

यावर एक आक्षेप संभवतो. चतुर्थ्यन्त अनुभवकर्ता आणि अकर्तृक रचना हे मराठीचे स्वाभाविक विशेष आहेत. ‘मला आठवते’, ‘त्याला ताप आला’ असे बोलणाऱ्या भाषकावर कर्ता लपविल्याचा आरोप कसा करावा? आक्षेप योग्य आहे आणि भाषेवर आरोप नाहीच. आरोप निवडीवर आहे. कारण याच जिल्ह्यातील बाजारात आणि पारावर निवडणुकीची भाषा वेगळी ऐकू येते. तेथे ‘आम्ही निवडून आणला’ आणि ‘लोकांनी पाडला’ असे प्रयोजक प्रयोग चालतात. ‘पडला’ आणि ‘पाडला’ यांत एका स्वराचे अंतर आहे. पण त्या अंतरात मतदाराचे सारे कर्तृत्व सामावलेले आहे. बोलीने जे राखले ते लिखित गद्याने गाळले, असा हा प्रकार आहे. तो भाषेचा स्वभाव नसून लेखनाचा संकेत होय.

३

आमदारपद प्राप्त होईपर्यंत अकर्तृक असलेली ही भाषा पुढच्याच परिच्छेदात आमूलाग्र बदलते. ‘त्यांनी रस्ते केले’, ‘त्यांनी पाणी आणले’, ‘त्यांनी प्रश्न मार्गी लावला’. येथे मराठीचा आदरार्थी बहुवचनाचा विशेष लेखकाच्या मदतीस येतो. ‘त्यांनी’ हे रूप एका आदरणीय व्यक्तीचे असू शकते, तसेच अनेकांचेही. परिचयलेखात ते नेहमी एकाचे असते. अनेकांनी केलेले कार्य एकाच्या नावावर चढविण्यास याहून सोयीचे रूप सापडणार नाही.

परभणीच्या कृषी विद्यापीठाचे उदाहरण घ्यावे. हैदराबाद सरकारने १९५६ साली परभणीस कृषी महाविद्यालय काढले; हे मराठवाड्यातील पहिले कृषी महाविद्यालय. पुढे राज्यात राहुरीस १९६८ साली व अकोल्यास १९६९ साली कृषी विद्यापीठे झाली. मराठवाड्याच्या वाट्याला तसे विद्यापीठ यावे यासाठी परभणीत आंदोलन झाले आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ साली त्याला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. या घटनाक्रमात विलीन झालेल्या एका राज्याचे सरकार आहे, नव्या राज्याचे विधिमंडळ आहे, विद्यार्थी आहेत आणि रस्त्यावर आलेले नागरिक आहेत. ‘त्यांनी परभणीला विद्यापीठ आणले’ या वाक्यात या सर्वांचा लय होतो. वाक्य खोटे आहे असे सिद्ध करता येत नाही, कारण ‘त्यांनी’ म्हणजे कोणी, हे ते सांगतच नाही.

४

या भाषेचा तिसरा परिणाम कालाच्या संदर्भात दिसतो. कारकीर्द ‘सलग’ असावी लागते. त्यासाठी मतदारसंघ, सभागृह आणि पक्ष या तिन्ही गोष्टी अचल मानल्या जातात. परभणीच्या इतिहासात यांपैकी एकही अचल राहिलेली नाही.

१९५२ साली परभणीतून शेतकरी कामगार पक्षाचे अण्णाजीराव गव्हाणे निवडून गेले ते हैदराबादच्या विधानसभेत. लोकसभेची परभणीची जागाही त्या वर्षी याच पक्षाकडे गेली. १७५ सदस्यांच्या त्या विधानसभेत काँग्रेसचे बहुमत होते आणि बूर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री होते. अध्यक्षपदी काशिनाथराव वैद्य होते. विरोधी पक्षनेते व्ही. डी. देशपांडे हे मराठी भाषक असून तेलंगणातील इप्पगुडा मतदारसंघाचे प्रतिनिधी होते. उर्दू, तेलुगू, मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी या भाषा सभागृहात कानी पडत आणि छापील कार्यवृत्तात भाषणे आपापल्या लिपीत उतरत. सदस्याला काय बोलावे हे ठरविण्याआधी कोणत्या भाषेत बोलावे हे ठरवावे लागे. ज्या राज्यात उर्दू ही राजभाषा होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू होते, तेथे मराठीत उभे राहणे किंवा सर्वांना कळावे म्हणून मराठी बाजूस ठेवणे, ही दोन्ही राजकीय कृत्येच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. आठ वर्षांत परभणीच्या प्रतिनिधीने तीन राज्यांची सभागृहे पाहिली आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या वाणीचे मोल निराळे होते. ‘१९५२ पासून विधानसभेत परभणीचे प्रतिनिधित्व’ या शब्दसमूहातून हे काहीच हाती लागत नाही. कार्यवृत्तातून मात्र लागते, कारण तेथे कोणत्या विषयावर, कोणत्या भाषेत, कोणाला उत्तर देत शब्द उच्चारला गेला, हे नोंदलेले असते.

अलीकडच्या काळातही स्थिती फार वेगळी नाही. संजय जाधव हे २००४ व २००९ साली परभणीतून विधानसभेवर आणि २०१४, २०१९ व २०२४ साली लोकसभेवर निवडून गेले. परिचयलेखाच्या भाषेत ही पाच विजयांची मालिका ठरते. परंतु २००४ चा परभणी मतदारसंघ आणि २००९ चा परभणी मतदारसंघ यांच्यामध्ये २००८ ची पुनर्रचना उभी आहे. त्या पुनर्रचनेत शेजारचा सिंगणापूर मतदारसंघ नकाशावरून गेला आणि जिल्ह्यात जिंतूर, परभणी, गंगाखेड व पाथरी हे चार मतदारसंघ राहिले. लोकसभेच्या मतदारसंघात या चारांखेरीज जालना जिल्ह्यातील परतूर व घनसावंगी यांचाही समावेश आहे. २०२२ साली शिवसेना दुभंगली. २०२३ च्या फेब्रुवारीत निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व धनुष्यबाण दुसऱ्या गटास दिले. २०२४ साली जाधव यांची निशाणी मशाल होती. पाच वेळा मत देणारा मतदार एकच नव्हता, सभागृह एकच नव्हते, चिन्हही एकच नव्हते. मतदाराने प्रत्येक वेळी नवा निर्णय घेतला. त्या पाच निर्णयांची एक मालिका ही परिचयकाराची रचना होय. यात व्यक्तीच्या यशाला उणेपणा येत नाही. उलट बदललेल्या परिस्थितीत विश्वास पुन्हा मिळविणे हे सलगतेपेक्षा मोठे काम आहे. ‘सलग’ या विशेषणाने तेच झाकले जाते.

५

या चिकित्सेचे प्रयोजन शैलीपुरते मर्यादित नाही. जिल्ह्याचा राजकीय इतिहास लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती प्रथम पडतात ती गौरवग्रंथासारखी साधने. त्यांची वाक्ये तो शोधनिबंधात उतरवितो आणि वाक्यांबरोबर त्यांचे व्याकरणही उतरते. परिणामी मतदार, कार्यकर्ते, आंदोलक आणि प्रतिस्पर्धी हे सर्व इतिहासातूनही गळतात. जो नागरिक कर्ता म्हणून वाक्यात कधी येतच नाही, त्याला जाब विचारण्याचा अधिकार आहे हे पुढच्या पिढीला कोणत्या वाक्यातून कळावे?

उपाय अवघड नाही. ‘निवडून आले’ असे जेथे जेथे आढळेल तेथे कोणी, कोणाविरुद्ध, कोणत्या सीमांच्या मतदारसंघातून, हे प्रश्न विचारावेत. ‘त्यांनी केले’ असे आढळेल तेथे ‘त्यांनी’ या रूपाचे वचन तपासावे. पक्षप्रवेशाची नोंद करताना पक्षत्यागाची नोंद करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सदस्याचे तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, विधेयकांवरील भाषणे व मतदान यांसाठी हैदराबाद व महाराष्ट्र विधानसभांची कार्यवृत्ते वाचावीत. परभणीच्या संदर्भात हे काम करणाऱ्यास मराठीबरोबर उर्दू लिपीही शिकावी लागेल. पण ज्याने तेवढे श्रम घेतले त्याला कारकिर्दीऐवजी काम सापडेल. आमदाराने काय मिळविले हे गौरवग्रंथ सांगतात. तो काय बोलला आणि कोणाच्या वतीने बोलला, हे शोधणे अभ्यासकाच्या वाट्याचे आहे.