केव्हीएम आणि कर्नल कॉन्फिगरेशनच्या मर्यादा : एक चिकित्सा

फेब्रुवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.६.२० या आवृत्तीत केव्हीएमचा समावेश झाला आणि कर्नललाच हायपरव्हायझरचे रूप लाभले. कर्नल कॉन्फिगर करताना केव्हीएमसोबत प्रोसेसरनुसार इंटेल अथवा एएमडीचे मॉड्यूल निवडावे लागते. कर्नलमधील शेड्युलर व मेमरी-व्यवस्थापन यांचाच पुनर्वापर होतो, हे या रचनेचे निर्विवाद बलस्थान होय. तथापि, बायोसमध्ये प्रोसेसरची ही सोय बंद असल्यास अचूक निवडही निष्फळ ठरते. शिवाय आभासी उपकरणे बहुधा क्यूईएमयू हा कर्नलबाहेरील प्रोग्राम पुरवितो. २०१५ मध्ये उघडकीस आलेला ‘व्हेनम’ हा दोष त्याच्याच फ्लॉपी कंट्रोलरमध्ये होता. त्यातून आभासी यंत्राबाहेर पडून मूळ यंत्रणेवर आघात करणे शक्य होते. सारांश, कर्नलचे कॉन्फिगरेशन ही आभासीकरणाची आवश्यक अट आहे. सुरक्षिततेची हमी नव्हे.