न दिलेला शब्द

'कमिटमेंट' या शब्दाशी अनुवाद करताना मी दर वेळी अडखळते. 'बांधिलकी' आपण लेखकाच्या सामाजिक भूमिकेसाठी राखून ठेवली. प्रेयसीला कुणी 'माझी तुझ्याशी बांधिलकी आहे' म्हणालं, तर ती हसेल. 'वचन' संगीत नाटकातलं वाटतं. उरतं ते 'शब्द देणं'. ते मला पटतं, कारण त्यात काहीतरी तोंडाने बोलावं लागतं, आणि हल्लीच्या डेटिंगमध्ये नेमकं तेवढंच टाळतात. महिनोन्‌महिने एकत्र, पण 'आपण कोण?' हा प्रश्न मात्र काढायचा नाही.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) डेटिंग अ‍ॅप फोनवर येण्याआधीची. तरीही या टाळाटाळीबद्दल इतकं नेमकं मी मराठीत फारसं वाचलेलं नाही. घरात राहायला आलेल्या पेइंग गेस्टच्या प्रेमात तनय आणि अनुजा हे भाऊ-बहीण दोघंही पडतात. अनुजा त्याच्याबरोबर पळून जाते. पुढे तो तिलाही सोडून नाहीसा होतो. त्याने कुणालाच शब्द दिलेला नसतो, मग फसवणूक कसली, असा त्याचा बचाव करता येईल. मला तो पोकळ वाटतो. खोटं न बोलणं आणि खरं सांगणं यांत अंतर आहे, आणि हा माणूस त्या अंतरातच मजेत राहतो.

गप्प तर तनयही आहे. पण २००६ मध्ये कलम ३७७ लागू होतं, आणि मध्यमवर्गीय घरात त्याच्या नात्याला नावच नव्हतं. त्याची चुप्पी जीव सांभाळायची, पाहुण्याची सोयीची. दोन्ही एकाच तागडीत तोलणं अन्याय आहे.

जेरी पिंटोंच्या इंग्रजी अनुवादाशेजारी (२०१३) मूळ ठेवलं की आणखी एक गोष्ट दिसते. तनय थेट पाहुण्याशी बोलतो. 'तू आलास', 'मी थांबलो': मराठी क्रियापद दोघांचंही लिंग लगेच सांगून टाकतं. इंग्रजीत क्रियापद ते लपवू शकतं. घरात जे तनयला बोलता येत नाही, ते व्याकरण त्याच्याकडून वदवून घेतं.

माझी तक्रार पाहुण्याच्या चित्रणाबद्दल आहे. निनावी, कलंदर, निळ्या रंगाचं वेड असलेला. कादंबरी स्वतःच त्याच्यावर थोडी भाळलेली आहे, आणि त्या गूढ वलयात त्याचा बेजबाबदारपणा सुंदर दिसू लागतो. त्याला कुणी साधं विचारत नाही: 'तुझ्या मनात काय होतं?' त्याची बाजू सांगणारा तिसरा भाग कादंबरीत नाही. ही उणीव मानावी की लेखकाचा निवाडा, यावर वाचकांशी भांडायला मला आवडेल. माझा कौल निवाड्याकडे. अनुजाच्या भागात डायरी आहे, आणि परत आल्यावर ती जे लिहिते ते त्याला उद्देशून नाही.